इंदुरात जुना टाटा-मर्सिडीज उभा करताना: कोणाच्या हातात काय द्यावं

इंजिनाचं बोअरिंग, डिझेल पंप-नोझल आणि स्प्रिंगच्या पाट्यांचं काम इंदुरात विश्वासाने द्यावं. केबिनचं पत्रेकाम समोर उभं राहून करून घ्यावं. ट्रक नेमका कोणता आहे हे ओळखण्याचं काम मात्र कोणावरही सोपवू नये, ते पैसे मोजण्याआधी स्वतः करावं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा टाटा-मर्सिडीज पुन्हा रस्त्यावर आणायचा असेल तर शहरातली कारागिरी कुठे खरी उतरते आणि कुठे कमी पडते, याचा हा आढावा. दुकानांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. या धंद्यात पाटी तीच राहते आणि मिस्त्री बदलतो, म्हणून काम कसं पारखावं तेच सांगितलेलं बरं.

मुंबई-आग्रा रस्त्यावरचं शहर असल्यामुळे ट्रकदुरुस्तीतली जवळपास प्रत्येक कला इथे मिळते. गॅरेजं देवास नाका आणि ट्रान्सपोर्ट नगरकडे, सुट्या भागांची दुकानं छोटी ग्वालटोलीत, फॅब्रिकेशन आणि सँड ब्लास्टिंग सांवेर रोडच्या औद्योगिक भागात. गाडी एका ठिकाणी उभी ठेवून कारागीर तिथे बोलवण्यापेक्षा सुटे भाग घेऊन कारागिराकडे जाणं जास्त फायद्याचं पडतं. 'सगळं आमच्यावर सोडा' म्हणणारं गॅरेज इंजिन बाहेरूनच करून आणतं आणि मधला हिशेब तुमच्या हाती राहत नाही.

आधी ओळख. विकणारा 'मर्सिडीज आहे' म्हणतो तेव्हा बोट जाळीवरच्या ताऱ्याकडे असतं. तारा हा पुरावा नाही. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेन्झचा करार १९५४ चा, त्याच वर्षी जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला, आणि १९६९ मध्ये करार संपल्यावर ताऱ्याची जागा टाटांच्या 'टी'ने घेतली. पण जाळी बोल्ट काढले की निघते आणि दुसऱ्या गाडीवर बसते. केबिन तर त्याहून कमी भरवशाची. त्या काळी बहुतेक ट्रक कारखान्यातून काउल-चेसिस म्हणूनच निघत: फ्रेम, इंजिन, बॉनेट, जाळी आणि डॅशपर्यंतचा पत्रा. मागची केबिन आणि लाकडी बॉडी गावोगावचे सुतार आणि पत्रेवाले बांधत. ही केबिन एका ट्रकच्या आयुष्यात दोनदा-तीनदाही बदललेली असू शकते.

खरी ओळख चेसिसवरच्या ठोकलेल्या नंबरात असते. उजव्या बाजूच्या फ्रेमवर, पुढच्या चाकाच्या आसपास शोधा. तारेचा ब्रश वापरू नका, अंक झिजतात. केरोसीनने भिजवून कापडाने पुसा, वर पातळ कागद ठेवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून फिरवा. कागदावर उमटलेले अंक निरखून पाहा. सगळ्यांची खोली आणि उंची सारखी हवी. एखादा अंक ओळीच्या वर-खाली असेल किंवा आजूबाजूला ग्राइंडरच्या तिरप्या रेघा उमटल्या असतील, तर आरसी कितीही स्वच्छ असो, सौदा तिथेच सोडा. इंजिनाचा नंबर ब्लॉकवरच्या सपाट पट्टीवर असतो, तोही असाच उतरवून आरसीशी जुळवा. मर्सिडीजच्या पद्धतीत नंबरचे पहिले आकडे रचनेचा प्रकार सांगतात, म्हणून अर्धवट वाचलेला नंबर उपयोगाचा नाही.

इंजिन कोणतं, हे मोजूनच ठरवावं. मर्सिडीजच्या मूळ ओएम ३१२ इंजिनाचं बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ९० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२० मिमी, एकूण ४५८० सीसी. टाटा ६९२ म्हणजे ६ सिलिंडर आणि ९२ मिमी बोअर, स्ट्रोक तोच १२०. टाटा ६९७ मध्ये बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८, म्हणजे ५६७५ सीसी. हेड उघडायची परवानगी नसेल तर हेडच्या बाजूला हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) आहेत का ते बघा. सहा प्लग दिसले की प्री-चेंबरचं (डिझेल आधी एका छोट्या खोलीत पेटतं असं), म्हणजे ३१२ च्या घराण्यातलं इंजिन. डी.आय. (डायरेक्ट इंजेक्शन, डिझेल थेट सिलिंडरमध्ये) लिहिलेल्या ६९२ ला ते नसतात. जुन्या गाडीत नंतर कधीतरी ६९७ बसवलेलं असणं अगदी शक्य आहे. चालवायला ते चांगलंच, पण 'मूळ इंजिन' म्हणून त्याचे जास्त पैसे देऊ नयेत. मॉडेलच्या आकड्यातही अर्थ आहे: १२१० म्हणजे १२ टन एकूण वजन आणि १०० अश्वशक्ती. लांब नाकाचा गोलसर बॉनेट असेल तर ३१२ मॉडेलचा ट्रक, आखूड बॉनेट आणि निम्मं इंजिन केबिनच्या आत असेल तर सेमी-फॉरवर्ड १२१०.

फार्गो, डॉज किंवा डिसोटो पाटीचा ट्रक समोर आला तर तिन्ही एकाच घरचे, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे, आणि फरक मुख्यतः बॉनेटवरच्या अक्षरांचा. डिझेल गाड्यांत बहुधा पर्किन्स पी-६ इंजिन असतं, जे मद्रासला सिम्पसन बनवत असे. हिंदुस्तान मोटर्सचा बेडफोर्ड आणि अशोक लेलँडचा कॉमेट हेही उभे करण्याजोगे ट्रक आहेत. पण इंदुरात बसून काम करायचं तर टाटाच घ्यावा. ६९२ आणि ६९७ चे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग अजून सहज मिळतात. पी-६ साठी एका गॅस्केटपायी महिने जातात.

आता इंजिन. वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी स्टार्टरने किंवा टोचन करून फिरवू नका. गंजाने धरलेला पिस्टन हलत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल (डिझेल फवारणारे भाग) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल निम्मं-निम्मं मिसळून ओता, काही दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या पुढच्या नटाला पाना लावून हाताने मागे-पुढे करा. थोडासा हलला तरी जिंकलात. नाहीच हलला तर हेड काढून पिस्टन लाकडी ठोकळ्याने ठोका.

बोअरिंगवाल्यांच्या कामाला इंदुरात चांगलेच गुण द्यावे लागतील. ही इंजिनं त्यांच्या हातून गेलेली आहेत. लायनर (सिलिंडरच्या आतलं नळकांडं) ड्राय आहे, म्हणजे पाण्याला थेट लागत नाही. तो ब्लॉकमध्ये दाबून बसतो आणि नंतर बोअर-होनिंग (आतून कापणं आणि दगडाने घासणं) होतं. तरीही तीन गोष्टी सांगून करून घ्या. पहिली, जुना लायनर काढल्यावर ब्लॉकच्या भिंतीवरचा गंज पूर्ण निघाला पाहिजे. लायनर आणि भिंत यांच्यात गंजाचा थर राहिला तर उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, तेवढाच भाग तापतो आणि पिस्टन तिथे धरतो. दुसरी, माप वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं सहा वेळा घेऊन कागदावर लिहून मागा. तिसरी, होनिंगच्या रेघा एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या हव्यात. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला छान असतो, पण त्यात तेल टिकत नाही आणि नव्या रिंगा बसत नाहीत.

क्रँक ग्राइंडिंगचं बारीक काम जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि त्याच्या बाजूच्या गालाच्या मधल्या गोलाईत आहे. घाईत ग्राइंड केलेल्या क्रँकवर हा कोपरा काटकोनी होतो आणि भारात क्रँक नेमका तिथूनच तुटतो. नखाने कोपऱ्यावरून ओढून बघा, नख अडकलं तर परत करा. ग्राइंड करण्याआधी भेगांची चुंबकीय तपासणी मागा. हेड गरम पाण्यात दाब देऊन तपासून घ्यावं. या इंजिनांत इनलेट आणि एक्झॉस्टच्या सीटमधल्या अरुंद पट्टीत भेग पडते.

हे दुकानदार कमी पडतात ते धुण्यात. ब्लॉकच्या पाण्याच्या जागेत वर्षानुवर्षांच्या बोअरवेलच्या जड पाण्याचा क्षार दगडासारखा जमलेला असतो. वेल्च प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची गोल झाकणं) न काढता ब्लॉक धुतला तर मागच्या दोन सिलिंडरांभोवतीचा क्षार तसाच राहतो, आणि नवं इंजिन पहिल्याच चढावर तापतं. प्लग काढलेला ब्लॉक स्वतः टॉर्च लावून पाहिल्याशिवाय जोडणी सुरू करू देऊ नका. जोडताना टॅपेटचं (व्हॉल्व्हवरच्या मोकळ्या फटीचं) अंतर थंड इंजिनाला इनलेट ०.२० आणि एक्झॉस्ट ०.३० मिमी, फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४.

पंप-नोझलच्या खोल्या ही इंदूरची सगळ्यात जमेची बाजू. स्वच्छ जागा, टेस्ट बेंच, आणि जुन्या मायको (बॉशची भारतीय कंपनी) पंपाचे एलिमेंट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल ढकलणारे भाग, ओळखणारी माणसं. सहाही एलिमेंटची डिलिव्हरी किती आली त्याचा कागद मागितला तर मिळतो, आणि मागावाच. नोझलवर कोरलेली अक्षरं वाचा: 'डीएन' म्हणजे पिंटल नोझल, प्री-चेंबर इंजिनासाठी, 'डीएलएल' म्हणजे अनेक छिद्रांचं, डायरेक्ट इंजेक्शनसाठी. पहिलं साधारण ११०-१२० बारला उघडतं, दुसरं २०० च्या आसपास. ओएम ३१२ असून कोणी सवयीने डायरेक्ट इंजेक्शनचा दाब लावला तर गाडी ठोकते आणि धूर सोडते, आणि दोष उगाच टायमिंगवर जातो.

जुन्या पंपावर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) असेल तर त्यातला चामड्याचा डायफ्राम हमखास सुकलेला असतो. डायफ्राम फाटला किंवा इनलेटपासून आलेली बारीक नळी सैल राहिली की स्प्रिंग रॅकला (डिझेलचं माप ठरवणाऱ्या दांडीला) पूर्ण डिझेलकडे ढकलते आणि इंजिन बेफाम पळतं. पहिल्यांदा स्टार्ट करताना एअर क्लीनर काढलेला ठेवा आणि इनलेटचं तोंड झाकायला जाड लाकडी फळी घेऊन एक माणूस उभा करा. हाताने किंवा कापडाने झाकू नये, आत ओढलं जातं. ही खबरदारी इथले पंपवाले आपणहून सांगतात, हे त्यांच्या कौतुकाचं.

रेडिएटरचं झाळकाम ठीकठाक मिळतं. पितळ-तांब्याचा मूळ कोअर वाचत असेल तर वाचवा, रॉडिंग (नळ्या आतून सळईने साफ करणं) करून घ्या. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय मात्र सगळीकडे आहे. तो परत बसवायला लावा. थंड चालणारं डिझेल इंजिन बोअर लवकर खातं.

फ्रेम सांवेर रोडला ब्लास्टिंगला देता येते, पण नंबरची जागा आधी ग्रीस आणि जाड टेपने झाका, नाहीतर अंक उडतात आणि आरटीओत सिद्ध करायला काही उरत नाही. सैल रिव्हेट काढून वेल्डिंग करतो असं कोणी म्हटलं तर थांबवा. फ्रेमच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंग केलं की भारात त्याच्या कडेनेच भेग जाते. भोक रीमरने नीट गोल करून त्यात घट्ट बसणारा उच्च ताकदीचा बोल्ट घाला.

पाटेवाले भट्टीपाशी जन्म काढलेले लोक आहेत, काम पक्कं असतं. मात्र पाट्याला बाक आणायला गॅसचा फ्लेम वापरताना दिसले तर पाटे उचलून दुसरीकडे न्या. गॅसने एकाच जागी तापवलेल्या पाट्याचं पाणी (पोलादाचा कडकपणा) जातं आणि तो पुन्हा बसतो. तुटलेल्या पाट्याच्या जागी त्याच रुंदीचा आणि त्याच जाडीचा घाला. सेंटर बोल्ट वारंवार तुटत असेल तर दोष त्या बोल्टचा नसून पाटे एक्सलला आवळणाऱ्या सैल यू-बोल्टचा आहे.

ब्रेकसाठी मास्टर आणि व्हील सिलिंडरचे रबर सगळे नवे, धातूच्या नळ्याही नव्या. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टस असतं, ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने धूळ उडवू देऊ नका, पाण्याने भिजवून पुसा. गॅरेजमध्ये हे ऐकून हसतात. तरीही आग्रह धरा. चाकाचे नट सोडताना डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत का ते आधी बघा, नाहीतर नळी लावून जोर केला की स्टड तुटतो. ९.००-२० च्या टायरची रिम रिंगवाली असते. रिंग गंजलेली, वाकलेली किंवा दुसऱ्या रिमची असेल तर हवा भरताना ती गोळीसारखी सुटते आणि माणूस मरतो. पिंजऱ्याशिवाय हवा भरणाऱ्या पंक्चरवाल्याकडे जाऊच नये.

आता केबिन, जिथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. चूक सुरुवातीलाच होते: मालक इंटरनेटवरून जर्मन कारखान्याच्या केबिनचा फोटो आणतो आणि तशी करा म्हणतो. या ट्रकला बहुधा तशी केबिन कधी नव्हतीच. आपल्याकडच्या सुताराने सागाच्या चौकटीवर पत्रा ठोकून बांधलेली, वर सामानाचा कठडा असलेली, लाकडी खिडकीची केबिन हीच त्याची खरी केबिन. जुनी चौकट निम्मी जरी शाबूत असली तरी ती फेकू नका. कुजतं ते ठरावीक ठिकाणी: दाराच्या खालचा उंबरा, काचेखालची आडवी पट्टी आणि खांबांचे पाय. तेवढेच तुकडे तिरका सांधा देऊन नवे घालता येतात. असा सांधा करणारे जुने बॉडी-सुतार अजून आहेत, पण ते ट्रक गॅरेजपेक्षा फर्निचरच्या कामात सापडतील.

पत्रा मूळ जाडीशी मोजून घ्या, अंदाजाने २० गेजचा आणू नका. जुनी बॉनेट बहुधा त्याहून जाड असते. डेंटरची सवय अशी की गंजलेली जागा तासून वर लांबी (पुट्टी) भरायची. चुंबक पातळ कागदात गुंडाळून बॉनेटच्या कडेने फिरवा, पकड सुटते तिथे लांबीचा थर आहे. सहा महिन्यांत उष्णतेने आणि इंजिनाच्या थरथरीने तिथूनच फोड येतात. गंजलेला भाग कापून नवा तुकडा टाका-टाका करत, थंड होऊ देत जोडायला लावा. सलग वेल्डिंगने पत्रा लाटांसारखा उठतो आणि तो लपवायला पुन्हा लांबीच लागते. या कामात इंदूरचे डेंटर हुशार आहेत पण घाईचे. रोज हजर राहणं जमत असेल तरच काम द्या, आणि पैसे एकगठ्ठा न ठरवता पॅनेलवार ठरवा.

मागच्या बॉडीला तळाच्या फळ्या साल वृक्षाच्या लाकडाच्या, खांब आणि फाळका सागाचा. फळ्यांमध्ये दोन-तीन मिमीची फट हवी, पावसात लाकूड फुगतं.

रंगाआधी जुना रंग एकदम खरवडू नका. बॉनेटच्या आतला कोपरा किंवा डॅशच्या मागची जागा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी घालून हलकेच घासा. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली विटकरी असे थर वर्तुळांसारखे उघडतात, आणि सगळ्यात आतल्या रंगाची छटा जुळवून घेता येते. अक्षरं आणि नक्षी असेल तर बटर पेपरवर गिरवून ठेवा. रंग सिंथेटिक इनॅमलचाच द्या. मोटारीसाठीचा चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन) रंग या पत्र्यावर परका दिसतो आणि टवका उडाला तर जागेवर ब्रशने दुरुस्तही होत नाही. अक्षरं स्टिकरची नकोत. ब्रश चालवणारा पेंटर शहरात अजून मिळतो आणि तो मागतो ते पैसे रास्त असतात.

कागदपत्रांत एजंटांची सेवा सगळ्यात कमकुवत. २०२१ च्या विंटेज नियमांचं आमिष ते सर्रास दाखवतात. ते नियम ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि एम-१ वर्गातल्या, म्हणजे प्रवासी, चारचाकींसाठी लिहिले आहेत. २०,००० रुपये शुल्क आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी त्यांच्यासाठी. मालवाहू ट्रक एन वर्गात येतो. तेव्हा 'विंटेज नंबर काढून देतो' म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. आरटीओत लेखी अर्ज करून तुमच्या गाडीचं वर्गीकरण आणि फिटनेसचा मार्ग विचारून घ्या, आणि हे काम रंगाच्या शेवटी नव्हे, खरेदीच्या आधी करा.

गाडी चालू झाल्यावर पहिले १०० किलोमीटर रिकामी, सपाट रस्त्यावर. मग यू-बोल्ट, चाकांचे नट आणि हेडचे बोल्ट पुन्हा कसा, टॅपेट पुन्हा मोजा, इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. ब्रेकचं लायनिंग ड्रमला नीट टेकेपर्यंत मानपूरच्या पुढे गुजरीकडे उतरणाऱ्या घाटात जाऊ नका. ड्रम उघडून लायनिंगवरची घासल्याची खूण बघा, ती निम्म्याहून जास्त भागावर सारखी उमटली असेल तर चालेल, कडेलाच असेल तर शू पुन्हा घासून बसवायला सांगा.